तीन बाइटांच्या कामाला पाच बाइटांचा कॉल

लिनक्स कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये वेगाऐवजी आकाराला प्राधान्य देणारा एक पर्याय आहे. तो निवडला की जीसीसी या कंपायलरला वेगासाठीच्या -ओ२ ऐवजी आकारासाठीचं -ओएस मिळतं. २०१५ च्या सुमाराचा कर्नल असा बिल्ड करून तयार झालेल्या व्हीएमलिनक्स या अंतिम फाइलवर एनएम हे नावांची यादी छापणारं साधन चालवलं, लोकल फंक्शनची नावं तेवढी गाळून घेतली आणि कुठलं नाव किती वेळा येतं ते उतरत्या क्रमाने लावलं, की यादीच्या डोक्यावर विचित्र मंडळी दिसायची. अणुरेणूएवढी फंक्शन्स: काउंटर एकने वाढवणारं, बिट लावणारं, स्पिनलॉक घेणारं आणि सोडणारं. हेडर फाइलमध्ये प्रत्येकावर ‘स्टॅटिक इनलाइन’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. म्हणजे कॉल करण्याऐवजी त्यांचा कोड थेट कॉलच्या जागीच चिकटवायचा, यांचं वेगळं अस्तित्वच उरायला नको होतं. प्रत्यक्षात एकेकाच्या ढीगभर प्रती अंतिम फाइलमध्ये पडून होत्या.

या प्रती लिंकर, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइली जोडणारा प्रोग्रॅम, एकत्र का करत नाही, हे आधी संपवू. सी++ मधलं इनलाइन फंक्शन वेगळं उरलं तर त्याच्या प्रतींतली एकच ठेवण्याची मुभा लिंकरला असते. सी मधलं ‘स्टॅटिक’ फंक्शन मात्र त्या त्या .सी फाइलचं खासगी. नाव सारखं, मजकूर सारखा, तरी लिंकरच्या लेखी ती वेगवेगळी फंक्शन्स. त्यामुळे हेडरमधल्या फंक्शनबद्दल कंपायलरने घेतलेला एक चुकीचा निर्णय, ते हेडर वापरणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये पुन्हा घेतला जातो आणि त्याचं बिल दर वेळी नव्याने लागतं.

चुकीचा का म्हणायचं, ते एका फंक्शनवर नीट पाहू. अ‍ॅटॉमिक-इंक घेऊ, म्हणजे अनेक सीपीयू एकाच वेळी हात घालतील अशा काउंटरला एकने वाढवणं. एक्स८६-६४ वर हे सगळं काम एका इन्स्ट्रक्शनमध्ये होतं: लॉक प्रीफिक्स लावलेली इंक. पत्ता आरडीआय रजिस्टरमध्ये असेल तर तिचे बाइट एफ० एफएफ ०७, बस्स, तीन. साध्या कॉल इन्स्ट्रक्शनला पाच बाइट लागतात, एक ऑपकोडचा आणि चार अंतराचे. म्हणजे तीन बाइटांचं काम टाळण्यासाठी पाच बाइट खर्च केले, आणि वर स्वतंत्र प्रतीचे तीन अधिक रिटर्नचा एक असे चार बाइट फाइलगणिक वेगळे.

खरा खड्डा मात्र कॉल करणाऱ्या फंक्शनमध्ये पडतो. कर्नलमध्ये जागोजागी दिसणारा एक नमुना आहे: ऑब्जेक्टचा पॉइंटर घ्यायचा, त्याचा संदर्भ-काउंटर वाढवायचा आणि तोच पॉइंटर परत द्यायचा. इनलाइन झालं तर असं फंक्शन तीन इन्स्ट्रक्शनचं होतं. आरडीआय मधला पॉइंटर आरएएक्स मध्ये न्यायला ३ बाइट, लॉक इंकला ३, रिटर्नला १. एकूण ७ बाइट.

इनलाइन झालं नाही तर काय होतं? कॉल म्हटला की एबीआयच्या, म्हणजे फंक्शन्सनी एकमेकांशी रजिस्टरं कशी वाटून घ्यायची त्या कराराच्या, नियमानुसार आरएएक्स, आरसीएक्स, आरडीएक्स, आरएसआय, आरडीआय आणि आर८ ते आर११ ही नऊ रजिस्टरं बेभरवशाची झाली. कॉल संपून परत आल्यावर त्यांत काय असेल याची हमी नाही. पॉइंटर तर नंतर लागणार आहे. मग आरबीएक्स पुश करा (१), पॉइंटर त्यात हलवा (३), कॉल करा (५), आरबीएक्स मधून आरएएक्स मध्ये आणा (३), आरबीएक्स पॉप करा (१), रिटर्न (१). झाले १४. आकार कमी करायला बसलेल्या कंपायलरने फंक्शन बरोब्बर दुप्पट करून ठेवलं, आणि स्वतंत्र प्रतीचे चार बाइट यात अजून धरलेलेच नाहीत.

इथे पहिला संशय साहजिकच ‘इनलाइन’ या शब्दावर जातो: कंपायलरने तो धाब्यावर बसवला काय? बसवला, आणि तसा त्याला अधिकार आहे. सी मध्ये तो शब्द ही विनंती आहे, आज्ञा नाही. पूर्वी कर्नलने मॅक्रो लावून प्रत्येक ‘इनलाइन’चं सक्तीच्या ‘ऑलवेज इनलाइन’मध्ये रूपांतर केलेलं होतं, कारण जुन्या जीसीसीच्या निर्णयावर कोणाचाच विश्वास नव्हता. पुढे एक कॉन्फिगरेशन पर्याय आला, ज्याने ही सक्ती उठवून निर्णय पुन्हा कंपायलरकडे दिला. हेतू चांगला होता. हेडरमध्ये वाढत गेलेल्या मोठ्या फंक्शन्सना उगाच शंभर जागी चिकटवू नये, एवढाच. मोठ्यांच्या बाबतीत तो सफलही झाला. चिरडली गेली ती छोटी.

दुसरा संशय -ओएस वरच. आकारासाठी ऑप्टिमाइझ करताना इनलाइनिंग बंद होत असेल, असा सर्रास समज आहे. तो खरा नाही. -ओएस मध्ये जीसीसीचं इनलाइनिंग चालू असतं, फक्त कसोटी बदलते: इनलाइन केल्याने अंदाजे आकार वाढत नसेल तरच करायचं. शिवाय फंक्शन त्या फाइलपुरतंच असेल तर एक एकत्रित हिशेबही होतो. सगळ्या जागी इनलाइन करून मूळ प्रत पुसली तर एकूण जमाखर्च काय निघतो? तो फायद्यात असेल तरी परवानगी मिळते. नियम म्हणून यात खोट काढायला जागा नाही. मग खोट आकड्यात असणार.

आकडे पाहायचे तर इनलाइनिंग ठरवणाऱ्या आयपीए-इनलाइन टप्प्याचा डंप जीसीसीकडून मागवावा लागतो. त्यात प्रत्येक फंक्शनचा अंदाजे आकार, प्रत्येक कॉलच्या जागी होणारी अंदाजे वाढ आणि नकाराचं कारण असं सगळं छापून येतं. नुसती कारणं हवी असतील तर हुकलेल्या इनलाइनिंगची माहिती देणारा ऑप्ट-इन्फो पर्याय पुरतो, किंवा डब्ल्यू-इनलाइन ही सूचना. मला डंप जास्त आवडतो. सूचना फक्त नकार कळवतात, डंपमध्ये नकारामागचं गणित असतं. आणि गणित पाहिल्यावर चकित व्हायला होतं: एका इन्स्ट्रक्शनचं आपलं फंक्शन तिथे चांगलंच लठ्ठ दिसतं.

या लठ्ठपणाचं मूळ सी कोडकडे बघून सापडत नाही. ती .सी फाइल प्रीप्रोसेसरमधून काढून, सगळे मॅक्रो उलगडल्यावर काय उरतं ते वाचावं लागतं. अ‍ॅटॉमिक-इंकचं पोट इनलाइन असेंब्लीचं आहे आणि ‘लॉक’ हा शब्द तिथे थेट येत नाही, एका मॅक्रोतून येतो. उलगडल्यावर तो मॅक्रो असा वाचता येतो: वेगळा सेक्शन उघड, पत्ता चारच्या पटीत आण, पुढच्या लेबलपर्यंतचं अंतर चार बाइटांत नोंदव, सेक्शन बंद कर, लेबल ६७१, आणि मग कुठे अर्धविरामासह ‘लॉक’. त्यामागे इंक. ही नोंदवही कशासाठी? कर्नल एकाच सीपीयूच्या मशीनवर सुरू झाला तर लॉक प्रीफिक्सची गरज उरत नाही. मग या नोंदींवरून तो प्रत्येक जागी जाऊन एफ० च्या ऐवजी ३ई हा निरुपद्रवी प्रीफिक्स लिहितो. हुशार युक्ती आहे. पण कंपायलरच्या नजरेला या मजकुरात पाच नव्या ओळी आणि एक अर्धविराम दिसतो.

आणि जीसीसी इनलाइन असेंब्लीचा आकार मोजतो तो असाच. आतला मजकूर त्याला समजत नाही, समजून घेणं हे त्याचं कामही नाही, ते असेंब्लरचं. तो ओळी आणि विभाजकचिन्हं मोजतो, त्यात एक मिळवतो, आणि तेवढ्या इन्स्ट्रक्शन धरतो. पाच अधिक एक अधिक एक: सात. सेक्शन बदलणं, लेबल लावणं या असेंब्लरला दिलेल्या सूचना आहेत, त्यांचा कोडच्या सेक्शनमध्ये एकही बाइट पडत नाही, हे त्याच्या गावीही नाही. खऱ्या एका इन्स्ट्रक्शनच्या जागी हिशेबात सात आल्या.

समोरच्या पारड्यात काय आहे? आकाराच्या हिशेबात साध्या कॉलला एक आणि प्रत्येक लहान आर्ग्युमेंटला एक अशी किंमत लागते, म्हणजे आपल्या कॉलचे दोन. सातातून दोन गेले, पाच उरले. इनलाइन केल्यास दर जागी पाचने वाढ! आता एकत्रित हिशेब लावा. स्वतंत्र प्रत साधारण आठची धरू. फाइलमध्ये एकच कॉल असेल तर पाच वाढले, आठ वाचले, परवानगी. दोन कॉल असतील तर दहा वाढले, आठ वाचले, नकार. एका फाइलमध्ये तेच फंक्शन इनलाइन होतं आणि शेजारच्या फाइलमध्ये होत नाही, हा जो लहरीपणा वाटत होता त्याचा खुलासा इथे होतो. लहर नाहीच. चुकीच्या आकड्यावर चोख अंकगणित आहे. खऱ्या बाइटांत दोन कॉलचा हिशेब केला तर इनलाइनचे सहा आणि न केल्यास दोनदा पाच अधिक चार, म्हणजे चौदा.

हाच रोग बगचा सापळा लावणाऱ्या मॅक्रोलाही जडलेला होता. तिथली खरी इन्स्ट्रक्शन यूडी२, दोन बाइटांची. तिच्याभोवती फाइलचं नाव, ओळ क्रमांक, फ्लॅग वगैरे वेगळ्या तक्त्यात नोंदवणाऱ्या ओळींची पलटण. त्यामुळे ‘हे कधीच होऊ नये’ एवढी तपासणी घातलेलं कुठलंही छोटं फंक्शन कंपायलरला जाडजूड वाटायचं. तपासणी घातल्याची शिक्षा म्हणा ना.

मग जीसीसी इतका निराशावादी का? इनलाइन असेंब्लीचा आकार मुळात मोजावा लागतो तो इनलाइनिंगसाठी नाही. काही प्रोसेसरांवर जंप इन्स्ट्रक्शनची पोच मर्यादित असते. उडी लांब पडणार असेल तर कंपायलरला वेगळा प्रकार निवडावा लागतो, आणि मधल्या असेंब्लीचा आकार कमी धरला तर बिल्डच मोडतो. तिथे जास्त धरलेलं बरं. म्हणून जीसीसीच्या मॅन्युअलप्रमाणे अशा मजकुराची लांबी ठरवताना विधानांची संख्या गुणिले त्या प्रोसेसरची सर्वांत लांब इन्स्ट्रक्शन असं गणित होतं. एक्स८६ वर ती कमाल १५ बाइट. सुरक्षिततेसाठी हे रास्तच आहे. घोटाळा झाला तो ओळी मोजण्याची तीच रीत इनलाइनिंगच्या निर्णयालाही वापरली म्हणून. जंपच्या कामात फुगवलेला आकडा ही खबरदारी असते. ‘हे फंक्शन कॉलपेक्षा लहान आहे का’ या प्रश्नाला तोच आकडा दिला की उत्तर उलटं येतं. संपूर्ण प्रकरणाची गाठ माझ्या मते इथेच आहे. -ओएस ने ती फक्त उघडी पाडली.

-ओ२ वर गाठ का दिसत नाही? तिथे वेगासाठी थोडी वाढ सोसायची तयारी असते, त्यामुळे सातचा आकडाही बऱ्याचदा खपून जातो. बऱ्याचदाच, नेहमी नाही. कारण ‘कोल्ड’ म्हणून खूण केलेल्या किंवा क्वचितच चालणाऱ्या भागात जीसीसी -ओ२ मध्येही आकाराचीच कसोटी लावतो. म्हणजे -ओएस कधीच न वापरणाऱ्याच्या बिल्डमध्येही चुकांच्या वाटेवर या प्रती सापडतात.

आता उपाय. कर्नलमध्ये २०१५ पासून आधी सोपा मार्ग धरला गेला: अ‍ॅटॉमिक क्रिया, बिटच्या क्रिया, स्पिनलॉकची वरची आवरणं, एकेका गटावर ‘ऑलवेज इनलाइन’ची सक्ती. स्पिनलॉकचं आवरण हा तर वेगळाच नमुना. त्याच्या पोटात दुसऱ्या फंक्शनला कॉल, एवढंच असतं. फ्रेम पॉइंटर चालू असलेल्या बिल्डमध्ये त्याची स्वतंत्र प्रत म्हणजे पुश आरबीपी, आरएसपी आरबीपी मध्ये, कॉल, पॉप, रिटर्न: ११ बाइट, आणि त्यातून केलेलं काम शून्य. अंदाजातही अशा आवरणाचा जमाखर्च जवळजवळ बरोबरीत सुटतो. तिथे एका आकड्याची चूक निकाल फिरवते. धान्याच्या काट्यावर सोनं तोलायला बसल्यासारखं आहे हे. वजनापेक्षा काट्याची चूक मोठी.

सक्ती करताना एक पथ्य होतं: आधी अंतिम कोडचा आकार मोजायचा, मग बदल, मग पुन्हा मोजायचा. कर्नलच्या स्क्रिप्ट्समध्ये ब्लोट-ओ-मीटर नावाचं साधन आहे, ते दोन बिल्डमधला फरक फंक्शनवार दाखवतं. ते न वापरता ‘लहान दिसतंय, सक्ती करू’ म्हणणं हा जुगार आहे. त्याच काळात उलट्या दिशेचे बदलही झाले. हेडरमध्ये ‘इनलाइन’ म्हणून बसलेली काही खरोखरची मोठी फंक्शन्स उचलून .सी फाइलमध्ये नेली गेली आणि कोड कमी झाला. दोन्ही बाजूंनी निकष एकच: कॉलच्या जागी पडणारे बाइट विरुद्ध कॉलचे बाइट, रजिस्टरांची उठाठेव धरून.

मोजताना कुठे पाहतो, तेही महत्त्वाचं. प्रत्येक इनलाइन झालेल्या लॉकबरोबर त्या वेगळ्या नोंदवहीत चार बाइटांची एक नोंद वाढते. कोडचा सेक्शन घटला म्हणून खूश व्हावं तर एकूण फाइल तेवढी घटलेली नसते. संदर्भ-काउंटरच्या आपल्या उदाहरणात कोड १४ चा ७ झाला, पण नोंद धरली तर ११. फायदा आहेच, जाहिरातीइतका नाही एवढंच.

सक्तीने लक्षण गेलं, रोग राहिला. २०१८ मध्ये रोगावर दोन उपाय समोर आले. पहिला असा की असेंब्लीचा तो लांबलचक मजकूर असेंब्लर-मॅक्रोमध्ये लपवायचा, म्हणजे कंपायलरला एकच ओळ दिसेल. तो कर्नलमध्ये आलाही. पण कोड वाचणं आणि बिल्ड सांभाळणं दोन्ही अवघड झालं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो मागे घेतला गेला. दुसरा उपाय थेट जीसीसीत झाला: ‘एएसएम’ पुढे ‘इनलाइन’ लिहायची सोय. असं लिहिलं की मजकूर कितीही ओळींचा असो, इनलाइनिंगच्या हिशेबात त्याची किंमत किमान धरली जाते. जंपच्या लांबीचा हिशेब मात्र पूर्वीसारखाच सावध राहतो. २०१९ च्या जीसीसी ९ मध्ये हे आलं. मला हा उपाय पहिल्यापेक्षा कितीतरी स्वच्छ वाटतो, कारण तो एकाच आकड्याला जुंपलेली दोन कामं वेगळी करतो. धोका एकच: खरोखर वीस इन्स्ट्रक्शनच्या असेंब्लीला हे बिरूद लावलं तर खोटं आता उलट्या बाजूने बोललं जातं, आणि ते पकडायलाही आकारच मोजावा लागतो.

असेंब्ली बाजूला ठेवली तरी एक दुखणं उरतंच. ज्या टप्प्यावर इनलाइनिंग ठरतं तिथे रजिस्टर वाटपाचा पत्ता नसतो. कॉलमुळे नऊ रजिस्टरं हातची जाणार, पुश-पॉप वाढणार, हे कॉलच्या त्या दोनाच्या आकड्यात कुठेच नाही. जीसीसी ५ पासून आयपीए-आरए नावाची सोय आहे, जिच्यामुळे त्याच फाइलमधलं फंक्शन नेमकी कुठली रजिस्टरं वापरतं ते कॉल करणाऱ्याला कळतं आणि उगाचची जपणूक टळते. पण प्रोफायलिंगचा -पीजी पर्याय दिला की ती बंद होते, आणि फंक्शन ट्रेसिंग चालू असलेला एक्स८६ कर्नल नेमका त्यानेच बिल्ड होतो. त्यात २०२२ नंतर सुरक्षेसाठी कित्येक बिल्डमध्ये एका बाइटाच्या रिटर्नची जागा पाच बाइटांच्या जंपने घेतली. स्वतंत्र प्रत अजून महाग झाली, अंदाजाच्या आकड्यात रिटर्नची किंमत मात्र तीच.

एलएलव्हीएमकडे, म्हणजे क्लँग या दुसऱ्या कंपायलरच्या पायाकडे, पाहिलं तर तिथेही ठोकताळेच आहेत, मांडणी निराळी. प्रत्येक इन्स्ट्रक्शनचे ५ गुण, कॉलचा दंड २५, आणि गुणांची मर्यादा -ओ२ ला २२५, -ओएस ला ५०, -ओझेड ला ५. म्हणजे क्लँगचं -ओएस थोडी वाढ खपवून घेतं. काटेकोर आकार हवा असेल तर -ओझेड. जीसीसीने याच नावाची पातळी २०२२ च्या आवृत्ती १२ मध्ये आणली, पण दोघांच्या समान नावाच्या पातळ्यांची तुलना करताना सांभाळून. २०२१ मध्ये गूगलच्या एमएलजीओ प्रकल्पाने एलएलव्हीएममधला हा हाताने बसवलेला हिशेब बाजूला ठेवून शिकवलेल्या मॉडेलकडे निर्णय दिला आणि -ओझेड च्या तुलनेत ७ टक्क्यांपर्यंत आकार घटल्याचं दाखवलं. ठोकताळ्यांत किती जागा शिल्लक होती, ते यावरून कळतं.

कर्नलमध्ये आज ‘ऑलवेज इनलाइन’ची सक्ती आणि ‘एएसएम इनलाइन’ हे दोन्ही उपाय शेजारी शेजारी नांदतात. ‘एएसएम इनलाइन’ एका मॅक्रोआड आहे. कंपायलरला ती सोय नसेल तर तो मॅक्रो मुकाट्याने साध्या ‘एएसएम’मध्ये बदलतो. २०२१ मध्ये कर्नलने किमान जीसीसी ५.१ अशी अट घातली, म्हणजे ही सोय नसलेले कंपायलर तेव्हाही चालत होते. तशा बिल्डमध्ये तो सातचा आकडा सातच राहायचा, आणि अ‍ॅटॉमिक-इंकला वाचवायची ती २०१५ ची सक्तीच.